विमानात भीड कामाची नाही

म्हशाहून मुरबाड, मुरबाडहून कल्याण, कल्याणहून मुंबई आणि तिथून पुढे लंडन नाहीतर न्यूयॉर्क! हा प्रवास आता काही नवलाचा राहिलेला नाही. मुरबाड-शहापूरकडची मुलं शिकली, कल्याण-ठाण्याला नोकरीला लागली, आणि त्यातली काही बघता बघता समुद्रापलीकडे जाऊन पोचली. मग लेकीचं नाहीतर सुनेचं बाळंतपण आलं, की इकडून आई निघते. पूर्वी ती डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन एस.टी.ने जायची, आता विमानाने जाते, एवढाच काय तो फरक.

तयारी मात्र अजूनही तशीच चालते. झबली-टोपडी होतात, दुपटी होतात, मेतकूट होतं, बाळंतशेपा निवडून होतात. जावयाला काय आवडतं ते आठवून आठवून बांधलं जातं. या सगळ्या धांदलीत एका माणसाचा विचार राहून जातो, तो म्हणजे स्वतः निघणाऱ्या बाईचा! पंधरा-सोळा तास एका जागी बसायचं तर पायांचं काय होईल, कानांचं काय होईल, याची चौकशी कोणी करत नाही. तीही करत नाही. ‘बसूनच तर जायचं आहे, त्यात कसले कष्ट?’ असं म्हणून मोकळी होते.

पण खरे कष्ट त्या बसण्याचेच असतात, हेच आज तुम्हांला सांगायचं आहे.

एस.टी.ची सवय विमानात नको

लांबच्या प्रवासाला निघताना आपण बायका काय करतो? सकाळपासून पाणी कमी करतो. वाटेत सोय असेल नसेल, असली तरी ती कशी असेल, म्हणून घोटभर चहावर निघतो. गाडीत बसलो की अंग चोरून बसतो. शेजारच्याला उठवायचं म्हणजे संकोच. कोणाकडे काही मागायचं म्हणजे त्याहून संकोच. ही सवय आपल्याला एस.टी.च्या स्टँडांनी लावली आहे, आणि तिथे ती समजण्यासारखी आहे. तिथे गाडी दोन-तीन तासांत मुक्कामाला पोचते, आणि चढउतार करताना पायही मोकळे होतात.

विमानात मात्र हीच सवय अंगाशी येते. तिथे शौचालय दहा-वीस पावलांवर असतं, पाणी मागितलं की मिळतं, चालायला मधली वाट असते. तरीसुद्धा बाई पाणी पीत नाही, उठत नाही, खिडकीशी पाय आखडून बसून राहते. पोचल्यावर पाय इतके सुजलेले असतात, की चपला पायांत जात नाहीत.

आता मजा पाहा. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघालं. आपल्या विमानकंपनीचं परदेशी जाणारं ते पहिलं उड्डाण. तेव्हाच्या विमानांना एवढा पल्ला एका दमात गाठता येत नसे. वाटेत ते कैरोला आणि जिनिव्हाला उतरलं. म्हणजे उतारूंना खाली उतरायला, चार पावलं टाकायला निमित्त होतं. आज विमान मुंबईहून उडतं ते थेट न्यूयॉर्कच्या बाजूला उतरतं. प्रवास सोपा झाला, पण मधले थांबे गेले. ते आता आपले आपण घ्यायचे आहेत.

कळसूबाईहून उंच

विमान आकाशात तीस-पस्तीस हजार फुटांवरून जातं. तिथली हवा इतकी विरळ, की माणूस जगू शकणार नाही. म्हणून विमानात हवा दाबून भरलेली असते. तरी ती आपल्या गावातल्या हवेसारखी दाट नसते. सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर जशी असते, तशी असते. शहापूरच्या पलीकडे, अकोले आणि इगतपुरीच्या हद्दीवर कळसूबाईचं शिखर आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच, १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. तुम्ही विमानात बसून असता, पण शरीराच्या हिशेबाने कळसूबाईच्याही वर जाऊन बसलेल्या असता.

याचे परिणाम तीन.

पहिला, कानांना दडे बसतात. माळशेज घाट चढता-उतरताना जो अनुभव येतो, तोच. कानाच्या पडद्यामागची हवा आणि बाहेरची हवा यांचा मेळ बसेना, की दडा बसतो. विमान उतरताना हा त्रास जास्त होतो. वेलची, लवंग, खडीसाखर, सुकवलेला आवळा, जे आवडेल ते तोंडात ठेवा आणि आवंढा गिळत राहा. तेवढ्याने भागलं नाही, तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, अगदी हलकेच श्वास बाहेर ढकलल्यासारखं करा. जोर लावू नका. विमान उतरायला लागलं की झोपून राहू नका, कारण झोपेत आपण आवंढा कमी गिळतो. सोबत तान्हं मूल असेल तर तेव्हाच त्याला पाजा. सर्दीने नाक गच्च झालं असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा.

दुसरा परिणाम पोटावर. बाहेरचा दाब कमी झाला, की पोटातला वायू फुगतो. आठ हजार फुटांच्या हिशेबाने तो जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी कोणी कितीही आग्रहाने वालाचं बिरडं वाढलं, तरी ‘आल्यावर खाईन’ म्हणा. हरभरे, वाटाणे, कोबी, फसफसणारी सरबतं हीसुद्धा त्या दिवशी वर्ज्य. मऊ भात, मुगाचं वरण, ज्वारी-तांदळाची भाकरी, ताक असं साधं जेवण बरं.

तिसरा परिणाम, कोरडेपणा. विमानातली हवा आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या दुपारीहून कोरडी असते. ओठ फुटतात, नाक आतून सुकतं, डोळे चुरचुरतात. ओठांना साजूक तूप किंवा व्हॅसलीन लावा. चष्मा असेल तर तो वापरा, डोळ्यांत बसवायची भिंगं काढून ठेवा. आणि पाणी प्या. तहानेची वाट न बघता तासा-दीड तासाने अर्धा पेला. चहा-कॉफी हवी तर घ्या, पण ती पाण्याच्या जागी नको.

पोटरी म्हणजे पायाचं हृदय

आवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकणारी बाई विमानात बारा तास बसून सुजते कशी, असं तुम्हांला वाटेल. त्याचं उत्तर पोटरीत आहे. हृदय रक्त पायांपर्यंत ढकलतं, पण ते परत वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चाललो की पोटरी आवळते, शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकतं. शिरांमध्ये झडपा असतात, त्यामुळे ते पुन्हा खाली येत नाही. रानात, विहिरीवर, घरात हा पंप दिवसभर चालू असतो. खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून बसलात, की तो बंद. मग पाणी पायांत उतरतं, सूज येते.

सूज दोन दिवसांत उतरते. भीती असते ती दुसऱ्या गोष्टीची. रक्त फार वेळ एका जागी साचलं, तर पोटरीच्या आतल्या शिरेत गुठळी धरू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेतू शकतं. यात दोष विमानाचा कमी आणि बसण्याचा जास्त. दुसऱ्या महायुद्धात १९४० साली लंडनवर बाँब पडत होते, तेव्हा माणसं रात्र-रात्र आसऱ्याच्या जागी आरामखुर्च्यांवर बसून काढत. त्यातली काही अशाच गुठळ्यांनी दगावली. डॉ. कीथ सिम्प्सन यांनी तेव्हाच ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. खुर्चीची कड मांडीखाली रुतत होती आणि पाय हलत नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली याबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार तास किंवा त्याहून जास्त हालचालीविना बसून प्रवास केला, तर गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो, मग ते विमान असो, बस असो की आगगाडी. पण घाबरून तिकीट रद्द करू नका! हा धोका सहा हजार माणसांत एकाला, इतकाच आहे. आणि तो कमी करणं आपल्या हातात, नव्हे आपल्या पायांत आहे.

या अभ्यासांतून आपल्या कामाची आणखी एक गोष्ट कळली. फार उंच माणसांप्रमाणेच ठेंगण्या माणसांनाही विमानात जास्त जपावं लागतं. ठेंगणी म्हणजे पाच फूट तीन इंचांहून कमी, म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणी त्यात आल्या. पाय जमिनीला टेकत नाहीत आणि आसनाची कड गुडघ्यामागे रुतते. उपाय अगदी घरगुती आहे. हातातली पिशवी समोर पायांखाली ठेवा आणि तिच्यावर पाट मांडल्यासारखे पाय टेका. गुडघे थोडे वर आले, की कड रुतत नाही.

बसल्या जागी पायमशीन

आता मुख्य काम. पायमशीनवर शिवताना पाऊल कसं चालतं? टाच टेकून चवडा वर, मग चवडा टेकून टाच वर. तेच विमानात करायचं. दर अर्ध्या तासाने वीस-पंचवीस वेळा. मग पाऊल घोट्यात गोल फिरवायचं, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. शेजारच्याला कळतसुद्धा नाही. पोथी वाचताना करा, सिनेमा बघताना करा.

जागी असताना दर दीड-दोन तासांनी उठा आणि मधल्या वाटेने मागच्या टोकापर्यंत जाऊन या. मागे थोडी मोकळी जागा असते. तिथे आसनाच्या पाठीला धरून दहा वेळा चवड्यांवर उभ्या राहा. पट्ट्याचा दिवा लागला असेल, तर मात्र जागेवरच बसायचं.

हे जमायला जागा वाटेकडची हवी. खिडकीतून ढग थोडा वेळ दिसतात, मग काळोख. तिकीट काढताना मुलांना सांगा, ‘मला वाटेकडची जागा घे.’ खिडकीकडचीच मिळाली, तरी शेजारच्याला उठवायला लाजू नका. त्यालाही पाय मोकळे करायला निमित्त होतं!

सूज लवकर येत असेल, तर गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे मिळतात. वेगवेगळ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासल्यावर असं दिसलं, की या मोज्यांनी सूज कमी येते आणि लक्षणं न दाखवणाऱ्या गुठळ्याही पुष्कळ कमी होतात. मात्र ते पायाचं माप देऊन घ्या. जुना मधुमेह असेल, पाय बधिर असतील किंवा पायांचा रक्तपुरवठा कमी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका.

कपडे आणि दागिने

नवी साडी पोचल्यावर नेसा. प्रवासाला मऊ, धुतलेली सुती साडी किंवा सैल पंजाबी ड्रेस उत्तम. परकराची नाडी नेहमीपेक्षा दोन बोटं सैल बांधा, कारण पोट फुगणार आहे. लुगडं नेसण्याची सवय असेल, तर खुशाल नेसा, चालायला ते सोयीचंच आहे. फक्त काष्टा आवळू नका.

बोटं आणि पाऊल सुजतात, तेव्हा घट्ट अंगठी आणि जोडवी रुततात. जोडवी काढाच असं मी म्हणत नाही. चांदीची जोडवी मागून उघडी असतात, ती घरीच थोडी सैल करून घ्या. घट्ट अंगठी मात्र घरी ठेवून जा. तपासणीच्या वेळी बांगड्या-मंगळसूत्रामुळे यंत्र वाजलं, तर गोंधळू नका. बायकांची तपासणी बायकाच करतात, तीही आडोशाला.

विमानात थंडी वाजते. म्हशाच्या यात्रेत पौषाच्या थंडीत घेतलेली घोंगडी कितीही ऊबदार असली, तरी ती इथे नको, जड होते आणि शेजाऱ्याला टोचते! एक लोकरीची शाल, पायमोजे आणि कान झाकेल असा रुमाल पुरे. तिथे मिळणारं पांघरूण घेतलंत, तर कमरेचा पट्टा त्याच्यावरून बांधा. म्हणजे पट्टा बांधला आहे का, हे बघायला तुम्हांला झोपेतून उठवावं लागणार नाही. मानेखाली पंचाची गुंडाळी ठेवली, की उशीचं काम होतं.

जेवणाचं आधी सांगा

जेवण कोणतं हवं हे निदान दोन दिवस आधी कळवावं लागतं. इथे एक मेख आहे. ‘हिंदू मील’ या नावावर जाऊ नका. पुष्कळ विमानकंपन्यांच्या यादीत त्या नावाच्या ताटात कोंबडी, मटण किंवा मासे असू शकतात. आपल्या पद्धतीचं शाकाहारी हवं असेल, तर ‘एशियन व्हेजिटेरियन’ असं मुलांना नोंदवायला सांगा. मधुमेह्यांसाठी वेगळं जेवण असतं, तेही आधीच मागावं लागतं.

हातातल्या पिशवीत दशम्या, खाकरे, कुरमुऱ्याचा चिवडा, राजगिऱ्याची वडी असं कोरडं न्या. लोणचं, तूप, पातळ चटणी हातात नेऊ देत नाहीत, कारण शंभर मिलिलिटरहून मोठ्या बाटलीतला पातळ पदार्थ तपासणीत अडकतो. पाण्याची बाटली रिकामी न्या आणि तपासणी झाल्यावर आतल्या नळावर भरून घ्या.

ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते

शौचालयाची माहिती आधी नसते, म्हणून कितीतरी जणी जायचंच टाळतात. म्हणून स्पष्टच सांगते. दार बहुधा मधोमध घडी पडणारं असतं, घडीवर हात ठेवून आत ढकला. आत गेल्यावर पहिल्यांदा कडी सरकवा. कडी लागली की दिवा पूर्ण उजळतो, आणि बाहेर ‘आत कोणी आहे’ अशी खूण दिसते. बैठक खुर्चीसारखी. पाण्याची तोटी बहुतेक नसते, नुसता कागद असतो. त्यासाठी एक लहान रिकामी बाटली किंवा कागदी पेला जवळ ठेवा आणि हात धुण्याच्या नळावर भरून घ्या. बटण दाबल्यावर मोठा सूं असा आवाज होतो, तो हवेने ओढून घेण्याचा. दचकू नका.

जेवणाच्या गाड्या फिरायच्या आधी जाऊन या, नंतर रांग लागते. पायात चप्पल घालून जा.

औषधं आणि डॉक्टरांचा सल्ला

रोजची औषधं हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटांसकट आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट ठेवा. इन्सुलिन मोठ्या सामानात मुळीच टाकू नका, तळघरात ते गोठू शकतं. घड्याळ बदललं की डोसाची वेळ कशी धरायची, ते निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

पूर्वी कधी गुठळी झाली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, संप्रेरकांच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, दिवस गेलेले असतील किंवा नुकतंच बाळंतपण झालेलं असेल, हृदयाचा, दम्याचा, तीव्र रक्तक्षयाचा त्रास असेल, तर आधी सल्ला घ्या. आपल्या भागात काही घरांत सिकलसेलचा आजार आहे. विरळ हवा त्यांना बाधू शकते, त्यांनी विचारल्याशिवाय निघूच नये. कोणी सांगितलं म्हणून स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नका. झोपेची गोळीही नको, कारण गुंगीत पाय हलत नाहीत.

चालवत नसेल तर चाकाच्या खुर्चीची सोय तिकिटाबरोबरच नोंदवा. त्यात कमीपणा नाही.

पोचल्यावर

लंडनचं घड्याळ आपल्यामागे साडेचार-साडेपाच तास, तर न्यूयॉर्कचं साडेनऊ-साडेदहा तास असतं. पहिल्या दिवशी डोळे मिटायला लागले, तरी तिथली रात्र होईपर्यंत जाग्या राहा. अगदीच असह्य झालं तर अर्धा तास पडा. सकाळी उजेडात फिरून या, शरीराचं घड्याळ उजेडावर लागतं. चार-सहा दिवस पहाटे दोनला जाग येईल, त्याची काळजी नको. परतीच्या प्रवासानंतर मात्र घडी बसायला बहुतेकांना जास्त दिवस लागतात, तेव्हा आल्या आल्या कार्य काढू नका.

एक लक्षात ठेवा. दोन्ही पायांना सारखी सूज आली, तर ती बसण्याची. पण एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, किंवा धाप लागली, छातीत दुखलं, तर ‘लेकीला कशाला त्रास’ म्हणून गप्प राहू नका. त्याच क्षणी सांगा, आणि डॉक्टरांना विमानाने आल्याचंही सांगा. ही लक्षणं प्रवासानंतर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही दिसू शकतात.

हातातल्या पिशवीत

– शाल, पायमोजे, कानाचा रुमाल, पंचा
– औषधं आणि चिठ्ठी
– पाण्याची रिकामी बाटली आणि शौचालयासाठी लहान वेगळी बाटली
– वेलची, लवंग किंवा खडीसाखर
– कोरडा फराळ
– ओठांसाठी व्हॅसलीनची लहान डबी
– सैल चप्पल
– मुलांचा पत्ता आणि फोन नंबर इंग्रजीत लिहिलेला कागद

आणि शेवटची गोष्ट, जी पिशवीत मावत नाही. डोक्यावर माणसाचं चित्र असलेलं बटण असतं. ते दाबलं की कोणीतरी येतं. ‘वॉटर प्लीज’ हे दोन शब्द पुरेत, आणि तेही न आले तर रिकामा पेला दाखवा. पाणी मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे, तिकिटाचे पैसे भरले आहेत! तिकडे लेक वाट बघते आहे ती लाडवांच्या डब्याची नाही, धडधाकट आईची. तिला धड पायांवर पोचवायचं, तर प्रवासात भीड घरी ठेवून निघायला हवं.